तिकिटाला मोठी, कागदाला लहान : आठवी ते बारावीतल्या मुलांना घेऊन सिंगापूर

विमान कंपनीच्या लेखी मूल बारा वर्षांचं झालं की मोठं. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये तेराव्या वर्षापासून पूर्ण तिकीट, आणि बरीच हॉटेलं बाराच्या पुढच्या मुलाला सरळ तिसरा माणूस धरतात. पण पासपोर्ट कार्यालयासाठी तेच मूल अठरापर्यंत अल्पवयीन. त्याच्या व्हिसाच्या अर्जावर पालकाची सही लागते आणि त्याने सिंगापूरला घेतलेल्या बुटांवरचा कर सोळा पूर्ण होईपर्यंत परत मिळत नाही. मुलं मोठी असताना पहिल्यांदा परदेशी जायचं तर पैशांचा आणि कागदांचा बराचसा घोळ या दोन वयांच्या मधेच होतो.

इथे उदाहरण सिंगापूरचं घेतलं आहे, पाच रात्री, चौघांचं कुटुंब. मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांचं, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, नळाचं पाणी पिण्याजोगं, शाकाहारी जेवणाची अडचण नाही आणि रात्री दहाला मुलं मेट्रोने एकटी हॉटेलवर आली तरी जिवाला घोर लागत नाही. पहिल्या खेपेला एवढं पुरे. युरोप कुठे पळून जात नाही.

पासपोर्ट : सहा महिने आधी कपाट उघडा

लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. मुलगी सात वर्षांची असताना कधीतरी जायचं म्हणून काढून ठेवलेला पासपोर्ट आज हमखास संपलेला असतो, आणि ते कळतं तिकीट काढताना. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. नसेल तर रिइश्यूचा अर्ज. अठराखालच्या मुलाची नेहमीची फी १,००० रुपये, तत्काळला वर २,०००. ॲनेक्श्चर डी या पालकांच्या घोषणापत्रावर आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. केंद्रावर एकच पालक गेला तरी चालतं, पण दुसऱ्याची सही आधीच झालेली हवी आणि दोघांचे मूळ पासपोर्ट सोबत हवेत. वडील बाहेरगावी नोकरीला असतील तर हा एक कागद पंधरा दिवस खातो.

मूल १५ पूर्ण असेल तर फॉर्ममध्ये दोन पर्याय दिसतात : अठरापर्यंतची मुदत किंवा पूर्ण दहा वर्षं. दहा वर्षांचाच घ्या. फी १,५०० पडते, पण पुढे शिक्षणासाठी बाहेर जायची वेळ आली तर धावपळ वाचते.

आता नाव. आपल्याकडच्या कुटुंबांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी, पासपोर्टवर दोन वेगळे रकाने : आडनाव एका ठिकाणी, आणि 'गिव्हन नेम'मध्ये मुलाचं नाव व वडिलांचं नाव एकत्र. तिकीट पासपोर्टप्रमाणे काढायचं, शाळेच्या हजेरीप्रमाणे नाही. समजा पासपोर्टवर आडनाव 'कुलकर्णी' आणि गिव्हन नेम 'आर्या सचिन' आहे. तिकिटाच्या साइटवर मधल्या नावाचा रकाना नसेल तर पहिल्या नावाच्या रकान्यात 'आर्या सचिन' दोन्ही भरा. तिकिटावर ते 'आर्यासचिन' असं जोडून छापून येतं. ती चूक नाही, छपाई तशीच असते. चूक तेव्हा होते जेव्हा मोबाइलमध्ये साठवलेली माहिती आपोआप भरली जाते आणि 'आर्या कुलकर्णी' एवढंच जातं, किंवा आईचं तिकीट सासरच्या नावाने निघतं आणि पासपोर्टवर माहेरचं असतं. नावातली दुरुस्ती काही कंपन्या पैसे घेऊन करतात, काही तिकीट रद्द करून नवं काढायला लावतात. म्हणून पैसे भरण्याआधी चारही पासपोर्ट समोर उघडे ठेवा आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. हे काम मुलांना द्या. स्पेलिंगच्या चुका ती आपल्याआधी पकडतात.

कधी जायचं

राज्य मंडळाची दहावी असेल तर परीक्षा संपल्यापासून अकरावीच्या प्रवेशाची गडबड सुरू होईपर्यंतचा काळ सगळ्यात मोकळा. दिवाळीच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र निघतो, विमानाचे दर त्याच हिशेबाने चढतात. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर सुट्टी असते, तेव्हा तिथली ठिकाणंही भरलेली. नोव्हेंबर ते जानेवारी तिकडे पाऊस जास्त असतो. फॉर्म्युला वनची शर्यत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला असते, त्या आठवड्यात मरीना बेच्या आसपास हॉटेलं परवडत नाहीत आणि रस्तेही बंद असतात. तारखा पक्क्या करण्याआधी हे एकदा बघून घ्या. उकाडा मात्र बारा महिने. मुंबईच्या ऑक्टोबरची सवय असेल तर तक्रार राहणार नाही.

व्हिसा आणि अरायव्हल कार्ड

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. अर्ज अधिकृत व्हिसा एजंटमार्फत जातो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटचं सेवाशुल्क. फॉर्म १४-ए, पासपोर्टची प्रत, तिकीट, हॉटेलचं बुकिंग, बँक स्टेटमेंट आणि फोटो. मुलांच्या फॉर्मवर पालकाची सही, सोबत जन्मदाखला. दोघांपैकी एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा. व्हिसा ई-मेलने येतो, शिक्का नसतो. चार प्रती छापून घ्या.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, अलीकडच्या तीन महिन्यांतला. शाळेतून परस्पर स्टुडिओत नेऊन पांढऱ्या शर्टात फोटो काढू नका. पांढऱ्यावर पांढरं मिसळतं, खांदे गायब होतात आणि फोटो परत येतो. गडद रंगाचा टी-शर्ट, कपाळावरचे केस मागे. यावर घरात वाद होईल, तो स्टुडिओत जाण्याआधी मिटवा.

पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, पोचण्याचा दिवस धरून, एसजी अरायव्हल कार्ड (प्रवेशाची माहिती देणारा फॉर्म) ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. शोध घेतला की सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि माणशी पैसे मागतात. पैसे मागितले की समजा, चुकीच्या दारात आलात. चौघांचं कार्ड एकत्र भरता येतं. चांगी विमानतळावर इमिग्रेशनचे दरवाजे आपोआप चालतात, पासपोर्ट ठेवायचा, चेहरा दाखवायचा. पासपोर्टवर पहिला शिक्का मारून घ्यायची हौस असलेल्या मुलाला आधीच सांगा, शिक्का मिळत नाही, राहण्याची परवानगी ई-मेलने येते. तो ई-मेल उघडून किती तारखेपर्यंतची परवानगी आहे तेवढं बघा. पाचवीतला फोटो आणि दहावीतला चेहरा यांत फरक असेल तर यंत्र अडतं. मग शेजारच्या काउंटरवर जायचं, घाबरण्यासारखं काही नाही.

खसखस, तंबाखू आणि खोकल्याचं औषध

बॅग भरण्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि याची आठवण कुणी करून देत नाही. सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध आहे. अफूचंच बी ते, त्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून तिथलं अमली पदार्थविरोधी खातं ती आत येऊ देत नाही. दिवाळीत निघणाऱ्या घराने डबा उघडून बघावा : अनारशाच्या एका बाजूला थापलेली खसखस, करंजीच्या सारणात भाजून घातलेली, डिंकाच्या लाडवात, काही घरांच्या मसाल्यातही. हे सगळं घरी ठेवा. चकली, शंकरपाळे, साधा चिवडा, बेसनाचे लाडू बंद पाकिटात न्या. आजीने प्रेमाने दिलेला डबा असेल तर आत काय आहे ते तिलाच विचारा.

च्युइंगम नेऊ नका. तंबाखूची पुडी, गुटखा, मावा यांवर बंदी आहे. काका-मामा सोबत असतील तर त्यांना हे दोनदा सांगा. सिगारेटवर तर एका पाकिटाचीही शुल्कमाफी नाही. व्हेप (ई-सिगारेट) जवळ बाळगणं हा तिथे गुन्हा आहे, आणि हे वाक्य मुलांच्या वयाकडे बघून लिहिलं आहे. कॉलेजच्या बॅगेचे कप्पे निघण्यापूर्वी रिकामे करून मग भरा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या यांना आधी परवानगी लागू शकते. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात न्या, डबीत सुट्टी करून नव्हे.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॉट-तास होते, म्हणजे चालते. पण वरचे आकडे घासून पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीत ती टाकून द्यावी लागते, आणि मुलांच्या पॉवर बँकेवरचे आकडे पुसलेलेच असतात. काही विमानांत ती वापरायलाही मनाई आहे, तेव्हा फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. चौघांना मिळून दोन ॲडॉप्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो.

खोली आणि पैसे

"मुलं झोपतील आमच्यातच" हे वाक्य पाच फूट आठ इंचांच्या मुलाबाबत खोटं ठरतं. सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलांतल्या खोल्या लहान, दोन बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही. बुकिंग करताना वय खरं टाका. दोन मोठे आणि दोन लहान म्हणून खोली घेतली आणि काउंटरवर चार मोठी माणसं उभी राहिली तर ऐन वेळी दुसरी खोली त्या दिवशीच्या दराने घ्यावी लागते. दोन खोल्या घेणार असाल तर एकमेकींत दार असलेल्या मागा आणि हॉटेलकडून ई-मेलवर होकार घ्या. साइटवरच्या 'विनंती'च्या रकान्याला कुणी बांधील नसतं.

जागा : लिटल इंडिया, फॅरर पार्क, बुगिस. मेट्रो जवळ, इडली-डोशापासून सगळं पायी. गेलांगमध्ये दर कमी दिसतात, पण त्या भागातल्या बऱ्याच गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत. मुलांना घेऊन जाताना तिथली बचत नको.

हिशेबाला एक सिंगापूर डॉलर ७० रुपये धरा. युनिव्हर्सलचं मोठ्यांचं तिकीट ८० डॉलरच्या वर जातं, म्हणजे चौघांचे २२ हजारांहून जास्त एका दिवसात. म्हणून एक नियम करा : दिवसाला पैशांचं एकच ठिकाण, बाकी फुकटचं. हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली अनेक खाण्याचे ठेले) एक ताट साधारण चार ते आठ डॉलरांत मिळतं. थोडे डॉलर रोख, बाकी फॉरेक्स कार्डवर. आपलं क्रेडिट कार्ड वापरलंत तर यंत्र विचारेल, रुपयांत घेऊ की डॉलरांत? नेहमी डॉलर. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूची बँक आपला दर लावते. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा, कारण तिथे गेल्यावर ओटीपी ज्या सिमवर येणार ते बंद असू शकतं. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर बिलावर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच विवरणपत्रात वळता होतो, म्हणून पॅन कमावत्या माणसाचा द्या.

विमा भारतातूनच, निघण्याआधी घ्या. साहसी खेळ वगळलेत का, एवढं मात्र त्यात वाचा.

दिवस कसे लावायचे

मुलांबरोबरच्या सहलीत दिवस ठिकाणांवर कोसळत नाही, झोपेवर कोसळतो. सकाळी साडेसातला नाश्त्याला हजर राहायचा शिरस्ता पॅकेज टूरचा. स्वतः जात असाल तर नऊ-साडेनऊला निघा आणि रात्र वापरा. हे शहर संध्याकाळनंतरच सुसह्य होतं.

मुंबईहून रात्री निघणारं विमान सकाळी पोचतं, आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. पुण्याहून निघणाऱ्यांनी खंडाळ्याच्या घाटातली कोंडी आणि विमानतळावरचे तीन तास धरले तर घर सोडल्याला पंधरा-सोळा तास झालेले असतात. पहिल्या दिवशी म्हणून तिकिटाचं काही ठेवू नका. बॅगा हॉटेलात टाका, सेरंगून रस्त्यावर जेवा (१९४७ पासूनचं कोमला विलास तिथेच आहे), दुपारी झोपा, संध्याकाळी मर्लायनचा (सिंहाचं तोंड, माशाचं अंग) पुतळा आणि मरीना बे. पाण्यावरचा स्पेक्ट्रा शो रात्री आठ आणि नऊला, फुकट.

दुसऱ्या दिवशी गार्डन्स बाय द बे, पण दुपारी तीननंतर. तिथल्या क्लाउड फॉरेस्ट या काचघरात ३५ मीटरचा धबधबा आणि थंड हवा, बाहेरच्या उकाड्यावर उतारा. तिथून उंच कृत्रिम झाडांच्या सुपरट्री ग्रोव्हमध्ये साडेसातला जमिनीवर चादर टाकून आडवे व्हा. ७.४५ आणि ८.४५ ला दिव्यांचा खेळ होतो, त्यालाही पैसे नाहीत. उभ्याने बघणाऱ्यांची मान दुखते.

युनिव्हर्सल सोमवार ते शुक्रवारच्या मधल्या दिवशी ठेवा. दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आधी मोठ्या राइड्स करा, खाणं-फोटो नंतर. काही राइड्सना 'सिंगल रायडर'ची वेगळी रांग असते, एकेकटं बसायची तयारी असली की बराच वेळ वाचतो. मोठ्या मुलांना ती रांग वरदान, आईबापांच्या शेजारी बसायची तशीही त्यांना हौस नसते. वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा दुपारच्या पावसाआधी त्या उरका. युनिव्हर्सल सेंटोसा बेटावर आहे, तिथे जायला व्हिवोसिटी मॉलहून मोनोरेल आहे, चालत बोर्डवॉकवरून गेलं तर काही लागत नाही. गाडी लागणाऱ्याने उलटीवरची गोळी अर्धा तास आधी घ्यावी, रांगेत उभं राहिल्यावर नव्हे.

चौथा दिवस मुलांचा. खरोखर मुलांचा, म्हणजे तारीख, हद्द आणि रक्कम आपण ठरवायची, बाकी सगळं त्यांनी. चौघांचे मिळून शंभर डॉलर, जाण्यायेण्याचा मार्ग, जेवण, परतायची वेळ हे त्यांनी कागदावर लिहून निघण्याच्या आठवडाभर आधी दाखवायचं. "तुम्हीच ठरवा" एवढं सांगून सोडलं तर दिवस मॉलमध्ये जातो. चांगला पर्याय म्हणून पुलाऊ उबिन हे बेट सुचवा : चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बोट, माणशी चार डॉलर रोख, बारा माणसं जमली की सुटते. पलीकडे सायकल भाड्याने मिळते, चेक जावाच्या दलदलीवर चालायचा पूल आहे आणि वाटेत रानडुकरं दिसतात. त्यांना खायला घालू नका. त्याच रात्री नाइट सफारी घेऊ नका, पाय बोलतात. ती पाचव्या दिवशी ठेवा, सव्वासातला उघडते.

मेट्रोत एक कार्ड एका माणसाचं. वडिलांचं कार्ड चौघांसाठी टॅप होत नाही, दुसऱ्यांदा लावलं की दार उघडत नाही आणि मागे रांग तुंबते. मुलांना सवलतही नाही, ती स्थानिक विद्यार्थ्यांना. प्रत्येकाला वेगळं ईझी-लिंक कार्ड घ्या. गाडीत आणि स्थानकात खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत.

हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे. आपल्या एसटीच्या सीटवरचा रुमालच तो. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या चिनी ठेल्यावर अंडं असू शकतं, विचारा. रोटी पराठ्यासोबतची करी कधी माशांची असते, तेव्हा डाळ मागून घ्या.

मुलं वेगळी फिरणार असतील तर चार गोष्टी : प्रत्येकाच्या फोनमध्ये चालू डेटा (भारतातूनच ई-सिम घ्या), खिशात हॉटेलचं कार्ड, भेटायची जागा नावानिशी ('मॉलपाशी' नव्हे, 'सी एक्झिटच्या सरकत्या जिन्याखाली'), आणि पोलिस ९९९, रुग्णवाहिका ९९५ हे आकडे पाठ. पासपोर्ट चौघांचे एकाच माणसाकडे ठेवू नका. आईकडे दोन, वडिलांकडे दोन, आणि फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय.

परतीचा दिवस

खरेदीवर ९ टक्के जीएसटी असतो. एका दुकानात निदान १०० डॉलरचं घेतलं की पर्यटकाला तो परत मिळतो (शुल्क कापून). त्याच दुकानाची त्याच दिवशीची तीन बिलं मिळून शंभर झाली तरी चालतं. मात्र घेणारा सोळा पूर्ण हवा. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या पासपोर्टवर बूट घेतले तर परतावा नाही, म्हणून बिल करताना आईने किंवा वडिलांनी आपला पासपोर्ट पुढे करायचा. विमानतळावर बॅगा देण्याआधी परताव्याच्या यंत्रावर नोंद करा, कारण वस्तू तपासायला मागितली आणि ती आधीच पट्ट्यावरून गेली असेल तर संपलं. मुंबईत उतरतानाही वय आडवं येतं : शुल्काशिवाय एक लॅपटॉप आणायची सवलत अठरा पूर्ण असलेल्यांनाच आहे.

हे सगळं तासाभरात होतं. उरलेला वेळ विमानतळाला लागूनच असलेल्या ज्युएल मॉलमध्ये घालवा. छतातून चाळीस मीटर कोसळणारं पाणी वरच्या मजल्यावरून जास्त चांगलं दिसतं आणि तिथे बसायला जागाही मिळते.